विहिरीच्या जागेवरची खुंटी

महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षे झाली होती. त्या हिवाळ्यात रेल्वेच्या मोजणीची तुकडी साखरखेर्ड्याच्या शिवारात आली आणि लाल टोकाची एक खुंटी आमच्या वावरात ठोकून गेली. दूरच्या दोन शहरांना जोडणारी वेगवान लाइन घाट चढून आमच्या बाजूने न्यायची की धामणगाव बढ्याकडून, हे ठरायचे होते.

खुंटी ठोकली त्याच जागी पाणाड्याने तळहातावर नारळ धरून वडिलांना पाणी दाखवले होते. वावर कोरडवाहू. उन्हाळ्यात विहीर खणायची म्हणून बांधावर दगड येऊन पडले होते.

ही गोष्ट गावात कळली आणि संध्याकाळी सरपंच चारपाच जणांना घेऊन ओसरीवर आले.

"भाऊ, विहीर दिसली का साहेब लिहीन, अडथळा आहे. मंग लाइन गेली धामणगावले."

"मले पाणी पाह्यजे, टेशन नाही," वडील म्हणाले.

"टेशन झालं का इंजिनासाठी टाकी येईन. तिथूनच घ्या पाणी!"

"मंग बैलं काय फलाटावर नेऊ?"

सगळे हसले, पण उठले कोणी नाही. जाताना सरपंच म्हणाले, "गावाच्या आडवे येऊ नका, भाऊ."

मी तेव्हा जिल्ह्यातल्या एका साप्ताहिकाचा बातमीदार होतो. मोजणीच्या अधिकाऱ्यांना नांदुऱ्याच्या विश्रामगृहात गाठले. विहीर खणली तर मार्ग बदलेल का, असे विचारले. "मार्ग वरून ठरतो. दोन्हीकडचे पुढारी येऊन जातात," ते म्हणाले. घाटात वळणे घेतली की वेग जातो आणि बोगदा खणायचा तर खर्च कोण मंजूर करणार, असेही ते म्हणाले. साखरखेर्ड्याला स्टेशन होईल का, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी लगेच दिले. "नाही. गावोगाव थांबली तर ती वेगवान कशी?"

मी हे छापले. पारावर अंक वाचला गेला. "पेपर धामणगाववाल्यायनं फितवला," असे ठरले. आमच्याकडे खणायला कबूल झालेले मजूर उन्हाळा लागला तरी आलेच नाहीत. त्यांना कोणी काय सांगितले, ते अखेरपर्यंत कळले नाही. खुंटी हलवावी म्हणून वडिलांनी तालुक्याला तीन अर्ज दिले. प्रकरण विचाराधीन आहे, एवढेच उत्तर दर वेळी आले.

उन्हाळा निम्मा सरल्यावर वडिलांनी नाल्याकडच्या कोपऱ्यात, खुंटीपासून लांब, विहीर धरली. तिथे खणायला मजूर आले. सरपंचांनी स्वतः नारळ फोडला. काळा पाषाण लागला. सुरुंग लावून पाहिले. पाणी लागले नाही.

पुढे आणखी एकदा मोजणी झाली. त्या तुकडीने जुन्या खुंटीचा नकाशा आपल्याकडे नसल्याचे सांगितले. लाइन धामणगावकडूनही गेली नाही.

नाल्याकडचा खड्डा वडील असतानाच बुजवला. पाणाड्याने दाखवलेल्या जागी यंदा ज्वारी आहे.