डिकीतली बाटली

लॉकडाऊन उठून तलावाकाठची बाग उघडली, तेव्हा वहिनींना स्कूटरवर मागे बसवून मी बरकतपुऱ्याहून तिकडे नेलं. दादा गेल्यापासून त्या कुठेच गेल्या नव्हत्या. त्यांना जरा बाहेर काढा, असा सल्ला फोनवरून सगळे नातेवाईक देत होते. काढायचं मात्र मीच.

गेटवर वॉचमनने मनगटाला यंत्र लावून ताप बघितला. चालायच्या वाटेवर पांढरे बाण रंगवले होते. आम्ही बाणांप्रमाणे निघालो. तलावाचं पाणी शांत होतं, काठाला दोन बगळे उभे होते. छान होतं सगळं. मला काहीच वाटत नव्हतं. गेले चार महिने मला काहीच वाटत नव्हतं.

अर्ध्या फेरीत वहिनींनी विचारलंच.

"पाणी गेलं होतं ना रे तोंडात?"

"गेलं," मी म्हणालो.

हा प्रश्न त्या दर दोन-तीन दिवसांनी विचारत. दादा दवाखान्यात वारला आणि घरच्या एकालाच स्मशानात यायची परवानगी मिळाली. आमच्यात शेवटी तोंडात गंगाजल आणि तुळशीचं पान घालतात. वहिनींनी देव्हाऱ्यातला गंगेचा गडू फोडला, दादाच्या होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरलं, पान घडी करून आत सारलं आणि बाटली माझ्या हातात दिली. "एवढं कर," इतकंच म्हणाल्या. मी चौथीत असताना त्या आमच्या घरी आल्या. माझी वेणी सोडून सगळं केलं त्यांनी, असं दादा चिडवायचा.

आणि मी एवढंही केलं नाही. स्मशानात पांढऱ्या कपड्यांतल्या माणसाने दादाला गुंडाळलेल्या पिशवीच्या चेनला हात लावून विचारलं, "मुँह देखते क्या साब? जल्दी बोलो." मी म्हणालो, "नक्को." घाबरलो होतो. बाटली स्कूटरच्या डिकीत टाकली ती तिथेच राहिली. घरी येऊन सांगितलं, घातलं पाणी.

फेरी संपत आली तसं मी बोलून गेलो.

"वहिनी, मी पाणी घातलं नाही. तोंडसुद्धा बघितलं नाही त्याचं. बाटली अजून डिकीत आहे."

का सांगितलं कोण जाणे. पश्चात्ताप वगैरे नव्हता. 'गेलं, गेलं' म्हणायचाच कंटाळा आला होता. वहिनी थांबल्या. मागून येणारे एक जाडे गृहस्थ आम्हाला वळसा घालून, बाणांवरून भांडण काढावं अशा चेहऱ्याने पुढे गेले.

"माहीत आहे," वहिनी म्हणाल्या. "तेराव्याला फुलांची पिशवी डिकीत राहिली होती. तू आंघोळीला गेला होतास. मीच किल्ली घेऊन खाली गेले."

"मग सारखं विचारत का होतात?"



"तू 'गेलं' म्हणालास की त्या दिवशी झोप लागायची मला," त्या म्हणाल्या. "तू इतकं सरळ म्हणायचास. मला वाटायचं, बाटली दुसरी असेल. आज कशाला सांगितलंस रे?"

त्यांनी रागावून दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. त्या नुसत्या चालू लागल्या, आणि मी त्यांच्या मागे. आपण एका बाईची झोप काढून घेतली, हे मला नीट कळत होतं. तेही दुसऱ्या कुणाचं काही असावं तसं कळत होतं.

स्कूटरपाशी आलो. डिकी उघडू का, असं मी विचारलं. त्यांनी मान हलवली, नको. मी स्कूटर स्टँडवरून काढली. त्या मागे बसल्या, पदर सावरला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"पाणी गेलं होतं ना रे तोंडात?"

मी किल्ली लावली.

"गेलं, वहिनी. दोन थेंब. पानही ठेवलं जिभेवर."

"हौ," त्या म्हणाल्या. "चल आता."

मी स्कूटर सुरू केली, पण गेटपर्यंतसुद्धा नेता आली नाही. चार महिन्यांत पहिल्यांदा मला रडू आलं होतं.