माझ्या तोंडची तमिळ

त्या पत्रकावरचा माझा फोटो चांगला आला होता, हे आधीच कबूल करते. अंगावर इरकल, केस नीट बसलेले, हसू बेताचं. एका बाजूला चिनी आजोबा, दुसऱ्या बाजूला हिजाब घातलेली मलय नर्स. तिघांच्या फोटोंखाली तिघांची वाक्यं, अवतरणचिन्हांत. अडचण एवढीच होती की माझं वाक्य मला वाचता येत नव्हतं. ते तमिळमध्ये होतं.

गोष्ट २०१५ सालची, सार्वत्रिक निवडणुकीची. सिंगापूरची नागरिक होऊन मला दोन वर्षं झाली होती आणि इथलं माझं पहिलं मत मी देणार होते. नुसतं मत देऊन गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून एका पक्षाच्या स्वयंसेवकांत नाव घातलं. कुठला पक्ष ते सांगत नाही. यांनी जे केलं ते दुसऱ्यांनीही केलं असतं.

मला एकच काम हवं होतं: आमच्या ब्लॉकची जबाबदारी. दारोदार जायचं, पत्रक द्यायचं, तक्रारी ऐकायच्या आणि त्या लिहून उमेदवारांपर्यंत पोचवायच्या. आमचा ब्लॉक बारा मजली. तिथे मी नऊ वर्षं राहत होते. दुपारी कोण झोपतं, कुणाच्या दाराशी चपला कमी दिसल्या की घरात भांडण झालंय, सगळं मला पाठ. हे काम माझ्याइतकं कुणाला जमणार नव्हतं, आणि हे मी आजही म्हणते.

आमच्या स्वयंसेवकांचा म्होरक्या एक चिनी गृहस्थ होता. चाळिशीतला, विमा विकणारा, बोलायला गोड. त्याने माझ्या हातात यादी ठेवली. तीत चार ब्लॉकमधली भारतीय घरं होती. माझ्या स्वतःच्या ब्लॉकमधली फक्त सहा.

"बाकीची दारं?"

"ती दुसरे करतील, सिस्टर. म्हाताऱ्या माणसांना आपल्या भाषेतलं कुणी आलं की बरं वाटतं. प्रॅक्टिकल बघायचं, लाह." हा 'लाह' इथे बोलताना वाक्याच्या शेपटीला लागतोच.

"या यादीतली निम्म्याहून जास्त घरं तमिळ आहेत. मला तमिळ येत नाही."

त्याला खरोखर आश्चर्य वाटलं. "पण तुम्ही इंडियन ना?"

"तुम्हाला जपानी येतं का?"

तो मनापासून हसला. त्याला तो विनोद वाटला.

माझा राग जुना आहे. आम्ही नवीन आलो तेव्हा टॅम्पिनीसमध्ये भाड्याचा फ्लॅट शोधत होतो. एजंट फोनवर छान बोलायचे, वेळ ठरवायचे, आणि शेवटी विचारायचे, "बाय द वे, तुम्ही इंडियन का?" हो म्हटलं की मालकाचा निरोप यायचा: इंडियन नको, फार स्वयंपाक करतात. असं तीनदा झालं. चौथ्या फोनला मी सुरुवातच केली, "मी इंडियन आहे, रोज फोडणी देणार आहे, आणि तरीही तुम्ही सांगताय त्याहून भाडं कमी करून घेणार आहे."  पलीकडचा माणूस म्हणाला, या, बघून जा. तोच फ्लॅट आम्हाला मिळाला.

पुढे मी धंदा सुरू केला तोही असाच. तुआसच्या जहाज-कारखान्यांना हातमोजे, दोर, बूट, ताडपत्र्या पुरवायच्या. आधी एका जुन्या व्हॅनमधून, मग गोदाम घेतलं. ठोक व्यापारी मला 'हॉट चिली' म्हणायचे. ते कौतुक होतं की टोमणा, मी कधी विचारलं नाही. भाव उतरला की मला पुरे. पण धंद्यात मला कुणी 'इंडियन ताडपत्री' विकायला सांगितली नव्हती. निवडणुकीत सांगितली.

स्वयंसेवक सकाळी कॉफी शॉपमध्ये जमायचे. तिथल्या गप्पा ऐकण्यासारख्या असत. कुणीतरी विषय काढला की या देशात कधी चिनी नसलेला पंतप्रधान होईल का. एक बाई म्हणाली, "मला चालेल. पण लोक अजून तयार नाहीत." दुसरा म्हणाला, "मलाही चालेल, पण लोकांचं सांगता येत नाही." टेबलावरच्या सात जणांना चालत होतं. ज्यांना चालत नाही ते 'लोक' मला अजून भेटायचे आहेत.

इथे मोठ्या मतदारसंघात चार-पाच उमेदवारांचा एक गट उभा राहतो, मत सगळ्या गटाला मिळून पडतं, आणि गटात एक तरी मलय, भारतीय किंवा दुसऱ्या अल्पसंख्य समाजाचा माणूस असावाच लागतो. कायदाच आहे. चांगल्या हेतूने केलेला आहे, हेही मला मान्य. त्या दिवशी टेबलावरचा एक जण गमतीने म्हणाला, "इंडियन उमेदवाराची काळजी कशाला? चार घेतले की एक सोबत येतो." सगळे हसले. मी सांगलीच्या मंडईत वाढलेली बाई. भाजी घेतली की "वर काय?" विचारून फुकट कोथिंबीर पिशवीत पाडून घेतल्याशिवाय कधी परतले नाही. आपणच कुणाच्या तरी पिशवीतली वरची कोथिंबीर आहोत, हे त्या कॉफीच्या टेबलावर कळलं. मी हसले नाही.

दोन दिवसांनी म्होरक्याला पत्रकासाठी साडीतली बाई हवी झाली. मी सौदा टाकला. "फोटो देते. बदल्यात माझा ब्लॉक. बाराच्या बारा मजले, सगळी दारं."

"आधी फोटो, मग बघू."

'मग बघू' ऐकून मी एरवी गोदामाचं शटर ओढून घेतलं असतं. पण प्रचाराला दिवस नऊच मिळतात आणि मी घाईत होते. फोटो दिला. चूक माझी.

पत्रकं छापून आली. घरी नवऱ्याने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाला, "अक्षर मात्र सुरेख आहे हं."

"माझ्या नावावर काय लिहिलंय ते कळतंय का?"

"अगं, चांगलंच लिहिलं असेल. जाऊ दे ना."

मुलगी म्हणाली, "आई, यू आर फेमस. चिल, लाह." ही माझी मुलगी शाळेत 'मातृभाषा' म्हणून हिंदी शिकत होती, कारण शाळेच्या मातृभाषांच्या यादीत मराठी नव्हती. म्हणजे या देशात माझी एक भाषा शाळेने ठरवली होती, दुसरी आता पक्षाने.

मी पत्रक घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेले. तिथे एक निवृत्त तमिळ शिक्षिका राहायच्या. सगळा ब्लॉक त्यांना टीचर म्हणतो, मीही. त्यांनी पत्रक हातभर लांब धरून वाचलं आणि इंग्रजीत अर्थ सांगितला: "माझ्या मुलांना इथे आमची प्रिय तमिळ भाषा शिकता येते, याचा मला अभिमान आहे."

"मला एकच मुलगी आहे, टीचर."

"अभिनंदन. दुसरं झालंय."

मी जे तोंड सोडलं ते इथे लिहीत नाही. टीचरनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "एक विचारू? तुझ्या तोंडी शब्द घातले म्हणून चिडलीस, की तमिळ घातले म्हणून?"

"शब्द घातले म्हणून!" मी एवढ्या पटकन बोलले की मलाच ते खोटं वाटलं. आमच्या मराठी मंडळींच्या जेवणावळीत कितीदा तरी ऐकलेलं, आणि कितीदा तरी बोललेलं, मला आठवलं: आपण तसले इंडियन नव्हे. 'तसले' म्हणजे कोण, हे कुणी विचारायचं नाही. विचारावं लागत नाही.

"दोन्ही," मी म्हणाले. "पण पहिलं जास्त."

"चालेल," टीचर म्हणाल्या. "मग निदान एक वाक्य खरं शिक." आणि त्यांनी मला शिकवलं: एनक्कु तमिळ तेरियादु. मला तमिळ येत नाही.

तशीच खाली उतरले. म्होरक्या व्हॉइड डेकवर, म्हणजे ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, गठ्ठे सोडत होता. मी माझ्या फोटोवर बोट ठेवलं. "हे मी बोलले नाही. हे मला वाचताही येत नाही."

"ओह. भाषांतर करणाऱ्याला वाटलं असेल..." तो ओशाळला, पण लगेच सावरला. "सिस्टर, भावना तर चांगली आहे ना? तमिळ मतदारांना आवडेल."

"चिनी आजोबांना विचारून त्यांचं वाक्य छापलंत?"

"हो, अर्थात. त्यांनी स्वतः लिहून दिलं."

"नर्सबाईंचं?"

तो पुन्हा गठ्ठ्याच्या दोरीकडे वळला.

"हे पत्रक मी वाटणार नाही. या ब्लॉकमध्ये दुसऱ्या कुणी वाटलं तर प्रत्येक दारात मागून जाऊन सांगेन की ही बाई खोटं बोलतेय, आणि ती बाई मी आहे."

"आता नवीन छापायला वेळ नाही."

"मग रिकाम्या हाताने जाते. बाराव्या मजल्यापासून."

"ते तुमचं काम नाही. तुमच्याकडे सहा घरं आहेत."

"फोटोच्या बदल्यात ब्लॉक ठरला होता. फोटो तुम्ही वापरलात. माल घेतला की सौदा पुरा."

लिफ्टचं दार बंद होईपर्यंत तो काहीतरी समजावत होता.

प्रचाराचे तीन दिवस उरले होते. बाराव्या मजल्यावरच्या पहिल्याच दारात जाळीमागे एक चिनी आजी आली. तिने माझे हात पाहिले, रिकामे. तरी म्हणाली, "काही घेणार नाही."

"विकायला नाही आले, आँटी. खाली आठव्या मजल्यावर राहते. निवडणुकीचं विचारायला आलेय."

"तू? इंडियन?" तिचं इंग्रजी मोडकं होतं, पण ठाम. "तुमच्या उमेदवारांत तो इंडियन आहे, तो चिनी बोलतो?"

"नाही."

"मग माझं बोलणं त्याला कसं कळणार?"

"मला सांगा. मी त्याला सांगते."

"इंडियन लोक फार मोठ्याने बोलतात."

"बोलतो," मी म्हणाले. "मी तर सगळ्यांहून मोठ्याने."

ती मला न्याहाळत राहिली. मग जाळीचं कुलूप न काढताच म्हणाली, "खाली लिफ्टपाशी बाक होतं. काढून नेलं. माझे गुडघे दुखतात, लिफ्ट येईपर्यंत उभं राहवत नाही. दोनदा माणसं आली, चिनी माणसं, हो हो म्हणाली, गेली. तू मोठ्याने सांग."

मी लिहून घेतलं. तिला मी आवडले असं नाही. जाळी शेवटपर्यंत बंदच होती. पण बाकाचं काम तिने मला दिलं, आणि ते मी इंडियन आहे म्हणून नव्हे, माझा घसा मोठा आहे म्हणून.

तीन दिवसांत बारा मजले केले. काही दारं तोंडावर लागली. एका तरुणाने विचारलं, ट्यूशन घेता का. तमिळ घरांत मी आधी टीचरनी शिकवलेलं वाक्य म्हणायचे, आणि लोक हसून आत बोलवायचे. तमिळ येत नाही हे तमिळमध्ये सांगणारी बाई त्यांनी पाहिली नव्हती. मलय शेजाऱ्यांनी सरबत पाजलं आणि गळक्या पाइपाची तक्रार दिली.

मतदानाच्या आदल्या दिवशी प्रचार बंद असतो. त्याच्या आधीच्या संध्याकाळी म्होरक्याने व्हॉइड डेकवर टेबल मांडलं होतं आणि सगळ्यांच्या वह्या गोळा करत होता. मी माझी वही पुढे केली नाही, हातातच धरली.

"सहा घरांची पानं द्या," तो म्हणाला. "इंडियन घरांचा अहवाल वेगळा जातो."

"बारा मजल्यांची आहे. दारांच्या क्रमाने लिहिलीय, वंशाच्या नाही. घ्यायची तर अख्खी घ्या. सुटी पानं मिळणार नाहीत."

"सिस्टर, तुम्ही फार कठीण आहात."

"हो," मी म्हणाले, आणि वही धरून तशीच उभी राहिले. माझ्यामागे वह्या घेऊन आलेल्यांची रांग वाढत चालली होती. शेवटी त्याने 'इंडियन' लिहिलेली फाईल बाजूला केली, आमच्या ब्लॉकचा आकडा लिहिलेली फाईल ओढली आणि त्यात माझी वही ठेवली, अख्खी.

"वर नाव घाला," मी म्हणाले. "माझं. आणि ते इंग्रजीत."