चार बोटं वर राहणारा गज

आधीच सांगतो, भूत, करणी, अंगात येणं यातलं मला काहीही पटत नाही. रोह्याला कंपनीत फिटर आहे. टेपनं मोजता येतं तेवढंच खरं, असा माझा खाक्या. पण ही गोष्ट मी टेपनंच मोजली... आणि तिथंच सगळं अडलंय.

आमच्याकडे आजोबांपासूनची ठासणीची बंदूक आहे. गाव रोह्याजवळ, भातशेती, रानडुकरांचा त्रास, म्हणून परवाना. नळीच्या तोंडातून दारू, चिंधी, छर्रे गजानं ठासायचे. बंदूक भरलीय की नाही ते बघायला गजावर खूण असते. नळी रिकामी असेल तर गज खुणेपर्यंत आत जातो. बार भरलेला असेल तर खूण चार बोटं वर राहते. यात चुकण्यासारखं काही नाही.

मी दहा वर्षांचा असतानाची गोष्ट. बाबा डुक्कर उठवायला शेतात शिरले. त्यांचा धाकटा भाऊ, माझा शंकरकाका, बंदूक घेऊन बांधावर. डुक्कर बाबांवरच आलं. काकानं चाप ओढला, बार पेटवणारी टोपी फुटली, पण बार निघालाच नाही. बाबांची मांडी फाटली, जन्मभर लंगडले. त्याच संध्याकाळी खाटेवरून त्यांनी बंदूक मागवली आणि सगळ्यांसमोर गज टाकला. गेला की थेट खुणेपर्यंत!

"रिकामी बंदूक घेऊन हुबा होतास व्हय रे?"

"दादा, भरलेली व्हती. आईशप्पत."

"मग ह्यो गज खोटा बोलतो?"

त्या दिवसापासून काकाचं नाव पडलं 'रिकामी नळी'. आम्ही पोरं तर ओरडत त्याच्या मागं धावायचो. तो पेणजवळ हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला गेला, तो परत आला नाही. माझ्या लग्नाची पत्रिकासुद्धा मी त्याला पाठवली नाही. बाबा नाराज झाले असते ना! रोह्याहून पेण असं कितीसं लांब... पण मी कधी गेलो नाही.

बंदूक बाबांच्या खाटेवरच्या भिंतीला, खिळ्याला टांगून राहिली. कुणी भरली नाही, उडवली नाही. दसऱ्याला हळदकुंकू तेवढं. गेल्या वर्षी बाबा वारले. परवाना नावावर करायचा तर बंदूक दाखवावी लागते, म्हणून गंज काढायला एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी गज टाकला. खुणेपर्यंत. मीही टाकला, टेप लावली. रिकामी! तरी दारू राहिलीच असेल तर भिजावी म्हणून, सवयीनं, त्यांनी नळी पाण्यानं भरून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी मागचं बूच खोललं.

आतून अख्खा बार निघाला. दगड झालेली दारू, छर्रे आणि मध्ये जांभळी चिंधी.

"मग गज गेला कुठनं?" मिस्त्रींनी विचारलं.

नळीतून आरपार उजेड दिसेपर्यंत त्यांनी ती घासली. बूच बसवून पुन्हा गज टाकला. आता खूण चार बोटं वर. तीच नळी, तोच गज. पाच वेळा मोजलं.

चिंधी आईला दाखवली तशी तिनं ती उजेडात धरून उलटसुलट बघितली.

"माझ्या लुगड्याची. मीच फाडून दिलेली शंकरभावजींना. माझ्यासमोर ठासली त्यांनी."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"गज आत गेला नि मलाच वाटलं, माझं कायतरी चुकलं. आणि तुझ्या बाबांपुढं बोलायची सोय व्हती काय?"

आईचा असा राग आला! खरं तर स्वतःचा यायला हवा होता.

दुसऱ्याच दिवशी हमरापूर गाठलं. काका गणपतीचे डोळे आखत होता. केस पिकलेत, हात मात्र स्थिर. मी चिंधी पुढं ठेवली, सगळं सांगितलं. त्यानं डोळा पुरा केला, मग चिंधीकडे बघितलं.

"काका, तू खरं बोलत होतास."

"तेच तर सांगत व्हतो ना रे. माणसाचं नाय आयकलंत. लोखंडानं सांगितलं तवा आलास?"

"घरी चल."

"कोनाच्या?" म्हणाला आणि दुसरी मूर्ती पुढं ओढली.

गज तेव्हा खोटा का बोलला, आता का बोलतोय, मला माहीत नाही. कंपनीतल्या इंजिनियरनाही विचारलं, हसले. काल पुन्हा टाकून बघितला. नळी रिकामी, खूण चार बोटं वर. हमरापूरला त्यानंतर दोनदा जाऊन आलो. काका चहा मागवतो, पण घरचा विषय काढला की ब्रश उचलतो.