एकशे त्रेचाळीस दाते

माझे वडील कारखान्यात दातेरी चाकं कापायचे आणि सगळे त्यांना 'पाढेवाले' म्हणायचे. लोक चेष्टेने म्हणायचे, बाबांना मात्र ती पदवी वाटायची. त्याला कारण होतं. मोठ्या चाकाच्या दात्यांची संख्या मूळ असली, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग न जाणारी, तर लहान चाकाचा प्रत्येक दाता मोठ्याच्या प्रत्येक दात्याला आळीपाळीने भेटतो आणि झीज सगळ्यांत वाटली जाते.

मूळ संख्या ओळखायची बाबांची रीत साधी. सम नाही, शेवटी पाच नाही, अंकांच्या बेरजेला तीनने भाग जात नाही, एवढं बघायचं आणि मग दोन ते तीस पाढे मनात धडाधडा म्हणायचे. कुठेच सापडली नाही की मूळ. वीस वर्षांत ही रीत चुकली नव्हती, म्हणून तिच्यावर त्यांचा डोळे झाकून विश्वास. तसाच धाकट्या भावावर. काकाला पाढे त्यांनीच शिकवले आणि त्याच कारखान्यात तपासणीला चिकटवलंही त्यांनीच.

फोरमनची जागा रिकामी व्हायची होती, त्याच वर्षी एका मोठ्या गिरणीचं काम आलं. लहान चाक सव्वीस दात्यांचं ठरलेलं. मोठ्याला एकशे त्रेचाळीस घ्या, बाबांनी सांगितलं. हे चाक नीट चाललं की खुर्ची तुमची, असं मॅनेजर म्हणाला होता.

सहा महिन्यांत चाक खडखडत परत आलं. लहान चाकाच्या एका दात्याचा टवका उडालेला आणि मोठ्याचा दर तेरावा दाता खाल्लेला. असे बरोबर अकरा. एकशे त्रेचाळीस म्हणजे अकरा गुणिले तेरा! प्रत्येक पाढा दहापटीवर संपतो, त्यामुळे ही बया एकाही पाढ्यात येत नाही. सव्वीसमध्येही तेरा आहेतच, म्हणून तो फुटका दाता पुन्हापुन्हा त्याच अकरांना चावत राहिला.

बाबांची रवानगी स्टोअरमध्ये झाली. फोरमन काका झाला. बाबांनी चूक कबूल केली, कुणाला बोल लावला नाही. उलट त्या संख्येच्या मागेच लागले. विषम, संयुक्त, विभाजक फक्त चार. अकरा आणि तेरा या जुळ्या मूळ संख्यांचा गुणाकार. अकरापासून एकतीसपर्यंतच्या सातही मूळ संख्यांची बेरीज.

"एवढा गोतावळा हिचा, आणि मी हिला एकटी समजलो," म्हणून हसायचे. मी तेव्हा नववीत होते. मला त्या हसण्याचा भयंकर राग यायचा.

मग एक दिवस जुने कागद आवरताना त्यांना त्या चाकाच्या ड्रॉइंगची तपासणीकडची प्रत सापडली. कडेला पेन्सिलीने, काकाच्या अक्षरात लिहिलेलं: '११ × १३. २६सोबत नको.' खाली तारीख होती, चाक कापायच्या आठ दिवस आधीची.

रविवारी काका घरी आला. आईने चहा दिला. बाबांनी कागद त्याच्यापुढे सरकवला.

"तुला माहीत होतं?"

काकाने कागद वाचून खाली ठेवला. "दादा, सांगितलं असतं तर खुर्ची तुलाच मिळाली असती."

इतकं सरळ! मला वाटलं होतं, निदान खोटं तरी बोलेल.

"दोन वर्षांत मी निवृत्त होणार होतो रे," बाबा म्हणाले. "नंतरसाठी तुझंच नाव सांगून ठेवलं होतं. विचार मॅनेजरला."

आई उठली आणि काकाचा भरलेला कप उचलून आत घेऊन गेली.