चंद्रावरचा लंबक

जुन्नर तालुक्यात कंप्युटर मीच आणला, असं मी निदान पाचशे लोकांना सांगितलंय. खरं तर तो टेम्पोतून आला, आणि मी मागं बसून मॉनिटर मांडीवर धरला होता, एवढंच. पण बी.एड.च्या पोरापोरींना विज्ञानाच्या तासाला तो वापरायला शिकवायचं काम माझ्याकडं होतं. पडद्यावर लंबक हलवायचा, दोरी वाढवायची, झोके मोजायचे. "कंप्युटर चुकत नाय," मी गरजायचो, "चुकतो तो माणूस. वर्गात वाद झाला तर कंप्युटरची बाजू घ्या!"

त्यांच्यात आणे गावच्या पठारावरची एक मुलगी होती. घरी मेंढरं. वडिलांनी एकच वर्ष दिलं होतं; पास झाली तर नोकरी, नाहीतर लग्न. तिनं पाठाच्या टाचणात लिहिलं होतं, की पोरांनी आधी सुतळीला दगड बांधून झोके मोजायचे, मग पडदा बघायचा. मला ते गावठी वाटलं, पण राहू दिलं.

तिच्या वार्षिक पाठाच्या, म्हणजे परीक्षेच्या तासाच्या, आदल्या दिवशी एका शाळेत कंप्युटर मांडला. तिथल्या मास्तरांपुढं मला चेव आला. "चला राव, चंद्रावर नेतो!" म्हणत मी गुरुत्वाकर्षण चंद्राचं करून टाकलं. लंबक अफू खाल्ल्यासारखा संथ डुलायला लागला. मास्तर खूश, चहा आला. पृथ्वीवर परत यायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी बाहेरचे परीक्षक मागच्या बाकावर बसले. सातवीच्या पोरांनी आपल्या दगडाचे झोके मोजले, मग पडद्यावरच्या लंबकाचे.

"बाई, आमचा दगड लई जोरात पळतोय!"

मला तिथंच कळलं. तिनं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. मग ती पोरांना म्हणाली, "कंप्युटर चुकत नाही. तुमचं मोजायला चुकलं."

परीक्षकांनी मान हलवत काहीतरी लिहिलं. एक वाक्य बोललो असतो तरी पुरलं असतं. ती नापास झाली.

लग्न ठरल्याचं कळलं तेव्हा आण्याला जाऊन तिला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. चहाचा कप पुढं सरकवून म्हणाली, "म्हंजी पोरांचं बरोबर व्हतं?"

"हो."

"मग सर, त्यांना जाऊन सांगितलं का?"

शाळेला केव्हाच सुट्टी लागली होती. सातवीची पोरं पांगली होती.

"सांगितलं ना," मी म्हणालो. "लई नाचली."

ती हसली आणि कोण कोण काय म्हणालं, ते विचारायला लागली. मी सांगत बसलो.