धुरपताबाईचं खळं आणि चैतरामची पाच वाद्यं

दवनीवाड्याच्या चैतरामला पाच वाद्यं वाजवता येत, आणि हेच धुरपताबाईचं दुखणं होतं. ढोलकी, डफ, तुणतुणं, पेटी आणि गजानं वाजवायचा तो रडक्या आवाजाचा चिकारा. एक वाद्य येणाऱ्याला एक मंडळी बोलावते. याला सगळ्याच बोलावत. कुणाचा ढोलकीवाला आजारी पडला, कुणाचा पेटीवाला रुसला, की चैतराम बैलगाडीत बसलाच.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडईची जत्रा भरते आणि मंडईला खडी गंमत, म्हणजे आमचा तमाशा, लागतेच. तीत नाचे उभे आणि वादकही रात्रभर उभे. चैतराम लहानपणी या वादकांना पाणी द्यायचा, आणि ते पाणी पीत तेवढ्यात त्यांचं वाद्य वाजवून बघायचा. वादकांना तहान फार, म्हणून हा पाच वाद्यं शिकला, असं माझे वडील म्हणत.

पण मंडईचे दिवस तेच धान चुरायचे, मळणीचे दिवस. नवरा इकडच्याच गोरेगावात डफ वाजवी आणि बायको खळ्यावर एकटी बैलांमागे फिरे. लग्नाच्या चौथ्या वर्षी तिनं सांगून टाकलं, "यंदा चुरणं माझ्या एकटीवर पडलं तर मी सौंदडले मायच्या घरी जाईन. मंग तुमी आन् तुमची पेटी संसार करा."

ती बोलेल ते करणारी होती. चैतरामचं तोंड उतरलं. नेमका त्याच संध्याकाळी गंमतीचा म्होरक्या बिसराम गाडी घेऊन आला.

"वैनी, ढोलकीवाल्या टिकारामले ताप आला. चैतरामले गोरेगावले नेतो."

"न्या ना. पन टिकारामले इकडं धाडा."

"त्याले ताप आहे वो!"

"मंग खळ्यावर ऊन आहे. ज्याच्या बदली माझा मानूस नेता, त्यानं माझे बैल हाकावं."

बिसराम हसला. धुरपताबाई गाडीपुढून हलेना, तेव्हा हसू थांबलं.

टिकाराम घोंगडी पांघरून आला. दुपारी घोंगडी गळाली, संध्याकाळी तो डोक्यावर तणसाचा, म्हणजे पेंढ्याचा, भारा घेऊन ठणठणीत चालत होता. पुढची पाळी रुसलेल्या केवलराम पेटीवाल्याची. अर्धा दिवस बैलांमागे फिरून तो जो पळाला, तो बिसरामचे पाय धरूनच थांबला. बातमी पसरली. त्या साली आमच्या भागात एकाही वादकाला साधा खोकला झाला नाही.

चैतरामला बोलावणं येईना. तो घरात घुसमटला आणि एका सकाळी टिकारामच्या दारात जाऊन उभा राहिला.

"काऊन गा, डोये लाल दिसून राहिले तुये?"

"मी चांगला आहो!" टिकाराम आतूनच ओरडला. "जाय इथून!"

मग चैतराम ढोलकी कमरेला बांधून खळ्यावर गेला आणि बैलांमागे वाजवू लागला. बैलांना ती आवडली असावी. ढोलकी थांबली की तेही थांबत. दुसऱ्या दिवशी डफ, मग चिकारा. लोक जमले. नागपूरच्या नन्सच्या शाळेतून सुटीला आलेली मीही गेले. धुरपताबाईनं माझ्याही हातात दाताळं दिलं.

"उभे काऊन? तणस पालटा आन् ऐका."

आमच्या गावच्या मंडईच्या दिवशी बिसराम पुन्हा आला, रडकुंडीला येऊन. "वैनी, सारे वादक धडधाकट आहेत, पन ऐकाले कोनी नाई. सारं गाव तुया खळ्यावर!"

तिनं शेवटची रास सारखी केली. "चुरणं सरलं, खळं उठलं माझं. न्या आता."

चैतरामनं क्षणात पाचही वाद्यं गाडीत टाकली. वळून बघतो तर धुरपताबाई नवं लुगडं नेसून, चिकारा मांडीवर घेऊन गाडीवानाशेजारी बसलेली.

"तू कायले वो?"

"तुमाले न्याले सारे येतेत," ती म्हणाली. "वापस आनाले कोनी येत नाई."