तिच्यापेक्षा एक दिवस जास्त

पगारेबाईंचा फोन आला तेव्हा मी डब्याची भाजी फोडणीला टाकत होते. पगारेबाई म्हणजे सातपूरला दादाच्या शेजारी राहणाऱ्या, भिंतीला भिंत लागून. एरवी फोनवर आधी सगळ्यांची चौकशी करणाऱ्या बाई त्या दिवशी एकदम म्हणाल्या, "बेबीताई, तुमच्या दादांच्या घरातून पाणी वाहत जिन्यावर आलंय. दार वाजवून वाजवून हात दुखले. आतून वहिनी एकसारख्या म्हणताहेत, अहो, नळ बंद करा... पण दार काही उघडत नाही." मी गॅस बंद केला आणि होते तशी रिक्षात बसले. नाशकात आमच्या सिडकोपासून सातपूर काही फार लांब नाही, पण तेवढ्या वाटेत मला सगळं कळून चुकलं होतं. पोचले तोवर लोकांनी कडी तोडली होती. दादा मोरीत भिंतीला टेकून बसला होता. हातात वहिनीची चादर होती, अर्धी पिळलेली. आतल्या खोलीत वहिनी खाटेवर छताकडे बघत पडली होती, कारण तिला स्वतःहून कूसही बदलता येत नाही. मी जवळ गेले तर म्हणाली, "बेबी, मला मघाशीच कळलं होतं गं. पण नळ बंद करा म्हणत राहिले की ते ओ देतील, असं वाटत राहिलं."

त्याला आता काही आठवडे झाले. भेटायला येणारे म्हणतात, सुटला बिचारा, किती केलं त्यानं बायकोचं. हे ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. दादाला सुटायचंच नव्हतं. उभ्या जन्मात त्यानं देवाकडे एकच गोष्ट मागितली, की वहिनीच्या आधी मला नेऊ नकोस. माणसं बंगले मागतात, मुलांना परदेशी नोकऱ्या मागतात आणि ते त्यांना मिळतंही. या माणसानं बायकोपेक्षा एक दिवस जास्त मागितला आणि तेवढाही त्याला मिळाला नाही. देवघरापुढे बसले की हल्ली माझे हात जोडले जात नाहीत. बसते नुसती.

दादा माझ्याहून बराच मोठा. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होते, म्हणून मी तिला अजून अगंतुगंच करते. ती वणीजवळची, शेतकऱ्याच्या घरची, कामाला वाघीण. दादा सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर होता. मोजमापाचा माणूस, पण घरात त्याचं माप चहाच्या कपापुरतंच. रुमाल कुठल्या कप्प्यात असतो हे त्याला लग्नाला पंधरा-वीस वर्षं झाली तरी ठाऊक नव्हतं. वहिनी उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घालायची आणि हा कॉटवर पेपर वाचत "झाल्या का गं?" म्हणून विचारायचा. मूलबाळ झालं नाही. त्याचं दुःख दोघांनी आपापल्या जागी ठेवलं, पाहुण्यांपुढे कधी मांडलं नाही. घर मात्र लख्ख. तिच्या ओट्यावर बोट फिरवलं तर बोट स्वच्छ व्हावं, असं आमची आई म्हणायची, आणि आमची आई कोणाचं कौतुक सहजासहजी करणारी नव्हती.

नव्वद साल उलटल्यावर कधीतरी तिची बोटं आखडायला लागली. आधी कुकरचं झाकण उघडेना, मग कपडे पिळता येईनात. संधिवात म्हटल्यावर आम्हाला वाटलं, म्हाताऱ्या माणसांना होतो तसा असेल, तेल चोळलं की जाईल. पण हा जात नाही असा होता. औषधं झाली, नाशिकचे डॉक्टर झाले, मुंबईचे झाले, कोणी सांगितलं म्हणून पाल्याचा काढाही झाला. बोटं वाकडी झाली, मग गुडघे, मग मान. दादानं घरचा जुना चमचा कारखान्यात तापवून असा वाकवून आणला की तिच्या वाकड्या बोटांत तो बसावा. काही वर्षं ती त्या चमच्यानं स्वतःच्या हातानं जेवली. ज्या दिवशी तोही हातातून पडायला लागला त्या दिवशी दादा आमच्याकडे आला, चहा घेतला, कपाकडे बघत बसला आणि निघून गेला.

पुढे कारखान्यानं व्हीआरएस काढली. बाकीचे कामगार छाती पिटत होते, आता खायचं काय म्हणून. दादानं पहिल्या दिवशी सही केली. घरी आला आणि पदर खोचावा तसा लुंगी खोचून ओट्यापुढे उभा राहिला. वहिनीची खाट त्यानं स्वयंपाकघराच्या दारात आणली होती. ती पडल्या पडल्या सांगायची आणि हा करायचा. त्याच्या पहिल्या पोळ्या बघून मी इतकी हसले की वहिनीनं मला दटावलं. "हसू नकोस. परवाच्यापेक्षा बऱ्या आहेत." पण स्वतः मात्र त्याला सोडायची नाही. मोहरी तडतडली की तिला खाटेवरून कळायचं. "अहो, जळली." "नाही जळली." "जळली, वास आलाय." मग दोघांची अशी जुंपायची की पगारेबाईंना भिंतीपलीकडून बोलावं लागायचं. हळूहळू माझ्या भावाच्या हाताला चव आली, आणि हे मी खोटं सांगत नाही, त्याची आमटी शेवटी शेवटी माझ्यापेक्षा चांगली व्हायची. तिला अंघोळ घालणं, पाठ दुखू नये म्हणून कुशीवर वळवणं, औषधं, चादरी, हे सगळं तो कारखान्याच्या भाषेत बोलायचा. "फर्स्ट शिफ्ट झाली. आता सेकंडची तयारी." एक मांजर कुठूनशी घरात शिरली. तिला वहिनीच्या गुडघ्यांवर बसायची सवय लागली. उबेनं वहिनीला बरं वाटायचं. दादाला मांजरांचा लहानपणापासून तिटकारा. तरी दूध तापलं की आधी मांजरीची वाटी भरायचा आणि वर तिला म्हणायचा, "बसा बाई, तुम्हीच बसा. आमच्यानं काय होतंय."

एकदा वहिनीचा भाऊ वणीहून आला. चांगला माणूस. दादाचा हात धरून म्हणाला, "दाजी, तुम्ही लय केलं. आता तिला घरी नेऊ द्या. आमच्याकडं माणसं हाय, बायका हाय. तुम्ही एकटे नाय पुरणार." दादा हसला, त्याला जेवायला वाढलं, पगारेबाईंना वहिनीजवळ बसवून सीबीएस स्टँडपर्यंत जाऊन वणीच्या गाडीत बसवून दिलं. परत जाताना वाटेत माझ्याकडे उतरला. म्हणाला, "बेबी, तो बरोबर बोलतो. मी पुरलो नाही तर काय, हेच माझ्या डोक्यात दिवसभर असतं. तिकडे माणसं आहेत, पण ती सगळी शेतात जातात. हिला तहान लागली तर ही हाक मारणार, आणि ती ऐकू जायला माणूस नको का जवळ? मला बाकी काही नको. हिच्यापेक्षा एक दिवस जास्त मिळाला की झालं. त्या दिवशी मी निवांत झोपेन." मी म्हटलं, मी आहे ना. तो म्हणाला, "तू आहेसच गं." पण त्याच्या आवाजात भरवसा नव्हता, आणि त्यात त्याचं काही चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. ते काम असं होतं की करणाऱ्यालाच माहीत.

वटपौर्णिमेचं तर ऐकण्यासारखं आहे. वहिनी खाटेला खिळल्यावर कॉलनीतल्या बायका नटूनथटून वडाला निघाल्या की ती डोळे मिटून घ्यायची. एका वर्षी दादा बाजारातून वडाची फांदी घेऊन आला. खाट ओढून खोलीच्या मध्यभागी घेतली, पायथ्याशी बादलीत फांदी उभी केली, सुताचं एक टोक वहिनीच्या बोटांत अडकवलं आणि स्वतः फेऱ्या मारायला लागला. मी आणि पगारेबाई वाण द्यायला गेलो तर हा प्रकार चालू. पगारेबाईंना हसू आवरेना. "अहो दादा, हे बायकांचं व्रत असतं." दादा फेरा न थांबवता म्हणाला, "व्रत हिचंच आहे. फक्त पाय माझे." फेऱ्या झाल्यावर त्यानं वहिनीला विचारलं, काय मागितलंस? ती म्हणाली, "दरवर्षी मागते तेच. तुमच्या आधी मला ने. सवाष्ण जाऊ दे." एरवी कुठल्या नवऱ्यानं हे ऐकून बायकोला गप्प केलं असतं. दादाचा चेहरा उजळला. "माग, माग. चांगलं जोर लावून माग. मी पण तुझ्यातर्फे सांगतो." नवरा-बायकोचं देवाकडचं मागणं इतकं एक असलेलं मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिलं नाही. पगारेबाईंचं हसू तिथंच थांबलं. मी आत जाऊन उगाच पाणी प्यायले.

मग त्याच्याच छातीत दुखायला लागलं. त्यानं ते कोणाला सांगितलं नाही, जिना चढताना थांबायचा आणि चपलेचा अंगठा नीट करायचं नाटक करायचा. माझ्या नवऱ्यानं ते पकडलं आणि ओढत डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, दवाखान्यात राहावं लागेल, तपासण्या होतील, बहुतेक ऑपरेशन. मी सामान बांधून सातपूरला राहायला गेले. जाताना त्यानं मला शंभर सूचना दिल्या. डावा खांदा आधी धर, मानेखाली हात घालू नकोस, पाणी चमच्यानं, घाई करू नकोस. मी सगळ्याला हो म्हटलं. सकाळी दवाखान्यात गेलेला माणूस संध्याकाळी दारात उभा. मनगटाला दवाखान्याची प्लास्टिकची पट्टी तशीच. "तिथं झोप येईना," म्हणाला. मी खूप भांडले. म्हटलं, चार-आठ दिवस तिथं राहिला नाहीस आणि उद्या काही झालं तर जन्माची एकटी पडेल ती. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, "बघू, पाऊस संपला की जाऊ. आत्ता गारठ्यात तिचे सांधे फार धरतात." वहिनीनंही विनवलं, रडली, दोन दिवस जेवली नाही. तेव्हा तो तिच्यावर चिडला, पण गेला नाही. तिला थोडे दिवस सोडून राहायचं भय वाटलं म्हणून माझा भाऊ तिला कायमची सोडून गेला. मला हे लिहितानाही त्याला धरून गदागदा हलवावंसं वाटतं... पण हलवायला तो समोर नाही.

वहिनीला मी घरी आणलंय. वणीहून तिचा भाऊ आला होता, पण ती म्हणाली, जिथं यांच्याबद्दल बोलता येईल तिथंच राहते. मांजर सातपूरलाच राहिली, पगारेबाई तिला दूध घालतात. मला हे काम जमत नाही, खरं सांगते. मी तिला वळवते तर ती ओठ चावते. माझ्या हातची पेज तिला गरम लागते नाहीतर गार लागते. ती तक्रार करत नाही, आणि ती करत नाही याचंच मला जास्त वाईट वाटतं. मला साखर आहे, कधीकधी उभ्या उभ्या अंधारी येते. आमचे हे म्हणतात, आपण बाई ठेवू. ठेवूच. पण बाईला सुट्टी असते, बाईचंही घर असतं. दिवसातून कितीदा तरी माझ्या मनात येतं, माझंच काही झालं तर हिच्याजवळ कोण?

सकाळी तिची वेणी घालायची असते. तिला उठवून बसवता येत नाही, म्हणून उशीवरच केस मोकळे करून विंचरावे लागतात. परवा मी अशीच विंचरत होते. विंचरता विंचरता मन भलतीकडे गेलं आणि ओठ आपोआप हलायला लागले. वहिनी म्हणाली, "काय पुटपुटतेस?" मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, "ते पण वेणी घालताना हेच पुटपुटायचे. त्यांना वाटायचं मला ऐकू येत नाही. हिला माझ्याआधी ने, हिला माझ्याआधी ने..." माझा हात थांबला. नको गं वहिनी, असलं काहीतरी म्हणाले असेन. तिनं डोळे माझ्याकडे वळवले, मान वळत नाही म्हणून फक्त डोळे. "नको कशाला? बरोबरच आहे. फक्त जरा मोठ्यानं म्हण, बेबी. म्हणजे मलाही तुझ्याबरोबर म्हणता येईल."

मी कंगवा ठेवला आणि मोठ्यानं म्हटलं. ती माझ्याबरोबर म्हणाली.